सोमीची पाच मिनिटं

मी एक जुना कॉलर माईक आहे. पालघर वेगळा जिल्हा झाला, त्यानंतर सरकारी वाहिनीच्या इथल्या छोट्या कचेरीत मी आलो. तेव्हा प्रादेशिक बातम्यांत पालघरला जेमतेम दोन वाक्यं मिळत. बातमीदार समिधाताईंनी वरिष्ठांशी भांडून आठवड्याला पाच मिनिटं मिळवली आणि सोमीला कॅमेऱ्यासमोर बसवलं. सोमी डोंगराकडच्या पाड्यावरची, बोईसरला कारखान्यात पॅकिंगला जाणारी.

"ताई, आमी घरात बोलतो तसंच बोलू?"

"अगदी तसंच," म्हणत ताईंनी मला तिच्या पदराला लावलं.

"आमच्या पाड्यातला पंप मोडला हाय. बाया नदीवर जातात. कोन बघाय येत नाय," सोमी म्हणाली.

त्याच आठवड्यात पंप दुरुस्त झाला. पाड्यावरचा म्हातारा महादू पानाच्या द्रोणात करवंदं घेऊन कचेरीत आला. "आमची बातमी आमच्या तोंडानं आली," म्हणाला. मित्रांनो, त्या दिवशी मला माझ्या इवल्याशा अंगाचा केवढा अभिमान वाटला!

कार्यक्रम वाढत गेला. अर्ध्या तासाचा झाला. नवं नाव मिळालं, नवं संगीत आलं, झगमगता पडदा आला. समिधाताईंची मात्र बदली झाली. नवे साहेब म्हणाले, "सोमी, तुझी बोली गोड आहे गं, पण चेहरा टीव्हीचा नाही."

त्यांनी मुंबईहून निवेदिका आणली आणि तिला 'हाय', 'नाय' शिकवायला सोमीलाच बसवलं. सोमीने हातचं न राखता शिकवलं. मग मला सोमीच्या पदरावरून काढून निवेदिकेच्या वारली चित्रांच्या कोऱ्या साडीला लावलं. कार्यक्रमाला बक्षीस मिळालं. बातम्या मात्र सण, नाच आणि रानभाज्यांच्याच उरल्या.

एकदा सोमी कामावर खाडा करून आली.

"साहेब, आमच्या पाड्याची शाला बंद केली. पोरं घरीच हायत. सांगा ना बातम्यांत."

"असलं रडगाणं आता कोणी बघत नाही. तुमच्यातलं लग्नाचं एखादं गाणं असेल तर सांग."

सोमीने गाणं सांगितलं नाही. ती निघून गेली.

निवेदिका आरशात बघत पदर सारखा करत होती. "'हायत' म्हणाली ना ती? छान आहे. आज वापरते."

आता बिनतारी माईक आलेत. मी क्लिप तुटून खणात पडलोय. मित्रांनो, मला कुणी पुसलं नाही तरी चालेल. पण कुणाच्या बोलीचं कौतुक कराल, तेव्हा ती बोलणारी काय सांगतेय, तेही ऐका.