सकाळचा आवाज

दुपार कलली की झुलीखाची डावी पापणी खाली यायची. मग उजवी. त्यानंतर आवाज नाकातून यायला लागायचा, आणि रात्रीच्या जेवणाला पावाचा घास अर्धा चावून झाला की जबडा जागच्या जागी थांबायचा. हनुवटीला हाताचा आधार देऊन ती तो घास कसाबसा गिळायची.

जिच्या गाण्याशिवाय कुसंतीना शहराच्या जुन्या गल्ल्यांत लग्न उभं राहत नसे, तीच ही झुलीखा. चार बायकांचा ताफा, मधोमध ती, मांडीवर डफ. शेवटी एका लग्नात दुसऱ्याच कडव्याला तिचा आवाज घसरला, शब्द जिभेवर लडबडले आणि डफ हातातून सुटून घरंगळत गेला. "पिऊन आली की काय!" मागून कुणीतरी म्हणालं आणि बायका हसल्या.

पुढे बरेच महिने लोक दृष्ट लागली म्हणत राहिले. मुलगी नेज्मा तिला राजधानीला, अल्जियर्सला घेऊन गेली, तेव्हा कुठे आजाराला नाव मिळालं. वापरले की स्नायू थकायचे, विसावा दिला की थोडे परत यायचे. गोळ्या होत्या; पूर्ण बरं होण्याचं कुणी बोललं नाही.

"निदान नाव तरी कळलं, मा," नेज्मा म्हणाली.

"नाव काय माझ्या वतीनं जिना चढणार आहे?"

ताफा तिनं मैत्रिणीच्या, मसऊदाच्या हाती दिला आणि पुढच्या खोलीतल्या गादीवर पाठ टेकली. शरीराच्या कलानं घ्यायचं हळूहळू अंगवळणी पडलं. पाव सकाळी, संध्याकाळी नुसता शोरबा. केस बसून विंचरायचे, तेही अर्धेच. उरलेले चहा झाल्यावर. कुणाशी बोलायचं असेल तर दुपारच्या आत. पडल्या पडल्या ती ओठांतल्या ओठांत गुणगुणायची. जुनी गाणी लांब श्वासाची होती, अर्ध्यावरच संपून जायची. मग ती स्वतःच आखूड ओळी रचू लागली. एक ओळ, विसावा. दुसरी ओळ, विसावा.

एकदा सकाळी शेजारची हफ्सिया आली. तिच्या भाचीचं लग्न ठरलं होतं.

"रात्री हॉलमध्ये फक्त एक गाणं म्हण. खुर्ची देते तुला."

"रात्री माझा आवाज नसतो गं."

"काहीतरीच तुझं! गाल बघ कसे सफरचंदासारखे झालेत. आजारी माणूस असं दिसतं होय? नखरे नुसते."

झुलीखानं मान उशीवर टेकली. भांडायलाही जबडा लागतो.

मसऊदाला हे कळलं तेव्हा ती कमरेवर हात ठेवून दारात उभी राहिली. "रात्रीचं मरू दे. लग्नाआधी बकलाव्याची मिठाई करतात, त्या सकाळी ये. सगळ्या बायका तिथंच असतात."

"आणि तिथं जाऊन काय करू? बदाम सोलू?"

"लोडाला टेकून बस. आमच्या चुका काढ. तेवढं तुला झोपेतही जमतं."

तिला जायचं नव्हतं. तरी गोळी घेऊन, वाटेत थांबत थांबत, नेज्माच्या खांद्याला धरून ती गेली. हफ्सियाच्या अंगणात मोठमोठ्या पराती मांडल्या होत्या. पोरी कागदासारखे पातळ पापुद्रे एकावर एक पसरत होत्या आणि मधे तुपाचा हात फिरवत होत्या. झुलीखाला कोपऱ्यात सावलीत बसवलं. बराच वेळ ती नुसती बघत राहिली.

मग कुणी न सांगता तिनं आपली एक ओळ म्हटली. नवरीच्या मेंदीनं रंगलेल्या आणि आईच्या रिकाम्या हातांची. आवाज बारीक होता, पण सरळ होता. पापुद्र्यांवरचे हात थांबले. दुसऱ्या ओळीच्या मध्यावर दम संपला. ती थांबली, डोळे मिटले. कुणाला काय करावं कळेना. तेव्हा मसऊदानं परातीच्या काठावर बोटांनी ताल धरला आणि तो सोडला नाही. श्वास परत आल्यावर झुलीखानं ओळ पुरी केली.

"लाल्ला, पुन्हा म्हणा ना," नवरी मानाची हाक मारत म्हणाली. तिच्या कोपरापर्यंत तूप होतं.

"मी अर्धी म्हणते. उरलेली तुम्ही."

असं करत करत गाणं झालं. काही पोरींनी भलतीकडेच सूर लावला. झुलीखानं बोट हलवून त्यांना खाली आणलं. हफ्सिया तिच्यासाठी लिंबाचं सरबत घेऊन आली आणि तिनं तिच्या पाठीमागचा लोड नीट केला. ऊन अंगणाच्या मधोमध आलं तशी झुलीखाची पापणी उतरू लागली. ती उठली. आणखी एकच म्हणा, असा आग्रह झाला. तिनं नकारार्थी मान हलवली.

ती सकाळ तिला महागात पडली. दोन दिवस मान उशीवरून उचलता येईना. नेज्मा चमच्यानं शोरबा भरवत होती आणि रागानं बोलत होती, "कशाला गेलीस? कुणासाठी?" झुलीखा एकेक घोट गिळत राहिली. गेले ते बरं केलं, असंही तिला ठामपणे वाटत नव्हतं. अंगात फक्त शीण होता, हाडांपर्यंत गेलेला.

लग्नाला ती गेली नाही. नंतर मसऊदा बकलाव्याची ताटली घेऊन आली.

"पोरींनी तुझं गाणं म्हटलं, हॉलमध्ये. आणि माहितेय, तू थांबली होतीस ना, बरोब्बर तिथंच सगळ्या थांबल्या. डोळेसुद्धा मिटले टवळ्यांनी!"

"अगं, तिथं थांबायचं नव्हतं. माझा दम संपला होता."

"त्यांना काय ठाऊक? त्यांना वाटलं चालच तशी आहे."

झुलीखाला हसू आलं, पण गाल साथ देईनात. ओठाची एकच कड वर गेली. वाईटही वाटलं थोडं. चांगल्या, तरण्या छातीच्या पोरी, आणि उगाच थांबल्या.

"आणखी दोन घरांतून विचारणा आलीय," मसऊदा म्हणाली. "सकाळचीच."

"एका घराला हो म्हण. दुसऱ्या घरच्या आईला सांग, पुढच्या मुलीच्या वेळी."

"तिला पुढची मुलगी नाहीये."

"मग तू जा."

मसऊदा आणखी काहीतरी सांगत होती, हफ्सियाच्या नव्या पडद्यांचं. झुलीखाच्या दोन्ही पापण्या मिटल्या होत्या. ती ऐकतेय की झोपली, हे न विचारता मसऊदानं तिच्या पायांवर शाल ओढली आणि आवाज खाली आणून आपलं बोलणं चालू ठेवलं.