सुपरवायझर समीक्षा गोजर

मुरबाडच्या एका कारखान्यात पंपाच्या मोटारी बनत. किन्हवलीची समीक्षा गोजर तिथं वाइंडिंगला होती. बाकीचे एका पाळीत बारा मोटारींत तांब्याची तार भरायचे. समीक्षा अठरा, आणि तिची एकही मोटार तपासणीतून परत यायची नाही. पगारवाढ मात्र सगळ्यांना सारखीच, युनियनचा करारच तसा होता.

"चांगोदादा, तो भाविक डुलक्या काढतो नि त्याला माझ्याएवढंच?" तिनं युनियनच्या सेक्रेटरीला विचारलं.

"साहेबाच्या मर्जीवर ठेवलं तर आधी साहेबाचा भाचा वर जाईल गो, तू नाय."

तिला ते पटलं नाही. त्यामुळं मॅनेजरनं केबिनमध्ये बोलावून "तुमच्या गुणांची युनियननं माती केली, आम्ही तुम्हाला सुपरवायझर करतो," म्हटल्यावर तिनं त्याच दुपारी युनियन सोडली. कामगारांच्या निळ्या शर्टाच्या जागी सुपरवायझरचा पांढरा शर्ट आला. खुर्ची तीच, तार तीच. मोटारी तेवढ्या अठराच्या वीस झाल्या. हुकूम सोडायला हाताखाली कोणीच नव्हतं.

आठ महिन्यांनी ऑर्डरी घटल्या. निळ्या शर्टाला हात लावला तर युनियन गेट अडवणार, म्हणून कंपनीनं पांढरे शर्ट कमी केले. भाविक राहिला, समीक्षा घरी बसली.

लाज गिळून ती चांगोकडे गेली. तो एक शब्दही टोचून बोलला नाही, तेच तिला जास्त लागलं.

"केस लढू," तो म्हणाला. "पण हा कायदा फक्त कामगाराला वाचवतो, सुपरवायझरला नाय. तू सुपरवायझर नव्हतीस, साधी कामगार होतीस, असं तुला कोर्टात सांगावं लागंल."

कोर्टात कंपनीचा वकील तिच्यावर फुलं उधळत होता. "असामान्य कौशल्य! उपजत नेतृत्व! यांना साध्या कामगार म्हणणं हा त्यांचाच अपमान आहे." हे शब्द ऐकायला समीक्षाचे कान किती वर्षं आसुसले होते!

मग युनियनच्या वकिलानं विचारलं, "बाई, कुणाची रजा मंजूर केलीत कधी?"

"नाय."

"कुणाला काम वाटून दिलंत?"

"नाय."

"मग करत काय होतात?"

"तार भरत होते." तिचा आवाज खाली गेला. "सगळ्यांसारखी."

दीड वर्षानं ती केस जिंकली आणि निळ्या शर्टात कामावर परतली. गेटवर तिच्या गळ्यात हार पडला, घोषणा झाल्या. पहिल्याच दिवशी दुपारपर्यंत तिच्या बारा मोटारी भरून झाल्या, तसा चांगो धावत आला.

"दमानं गो! केस हरल्यापासून साहेब टपलाय, उद्या सगळ्यांकडं अठरा मागंल. या बुधीचं काय होईल?"

समीक्षानं शेजारच्या बुधीकडे पाहिलं. बुधीची सहावी चालली होती आणि बोटं सुजली होती. समीक्षानं तेरावी मोटार भरून बुधीच्या बाजूला सरकवली.

बुधीनं ती परत ढकलली. "मला भीक नको. हात कसा चालवतेस ते दाखव."

समीक्षानं खुर्ची तिच्याजवळ ओढली. दोघी वाकून बसल्या. पाळी सुटेपर्यंत आणखी चौघी येऊन उभ्या राहिल्या, मागून भाविकही डोकावला. चांगोनं कपाळाला हात लावला आणि जास्त मोटारींना जास्त पगार मागणाऱ्या नव्या कराराचा मसुदा काढायला युनियनच्या ऑफिसात गेला.