आळशी जंतू

मंडईच्या दिवशी सकाळी माय अनारसे थापत बसली होती. दिवाळीनंतर आमच्या दिघोरीला मंडईची जत्रा भरते, घरोघरी पाहुणे येतात. पण पाहुण्यांच्या खाण्याला हात लावताना मी तिला कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. तिचं ताट आणि पेला गोठ्याच्या भिंतीशी वेगळे असत. ते तिनंच तिथं नेले होते, दुसऱ्या कोणी नाही.

"आज चुलीवर तुहं राज काय वो?" बाबांनी विचारलं.

"डाक्टरनीले इचारूनच बसली. तुमाले इचारलं अस्तं तं अनारसे शिमग्याले झाले अस्ते."

तिच्या गोळ्या संपून वर्ष होत आलं होतं. दोन वर्षं घेतल्या. त्यांनी लघवी लाल व्हायची आणि कातडी काळवंडायची. गावानं उलटाच अर्थ लावला: रोग वाढला. शेजारच्या कुंताबाईनं तर धानाच्या रोवणीच्या वेळी शेताच्या बांधीत तिच्या बाजूला उभं राहणं सोडलं. खरं तर त्याच दिवसांत आतले जंतू मरत होते.

मी साकोलीच्या शाळेत विज्ञान शिकवते. कॉलऱ्याचा जंतू फळ्यावर काढते आणि सांगते, याला सोय मिळाली की वीस मिनिटांत एकाचे दोन, दोनाचे चार. पाण्यातून सकाळी पोटात गेलेले थोडेसे दुसऱ्या दिवशी मोजता येत नाहीत. देवीच्या विषाणूला एकट्याला वाढताच येत नाही. तो आपल्या पेशीत शिरतो आणि तिच्याकडूनच स्वतःच्या नकला करून घेतो. हिवतापाचा जंतू अर्धा संसार डासाच्या पोटात मांडतो, अर्धा आपल्या रक्तात. मायचा जंतू मात्र मी फळ्यावर कधी काढला नाही. तो फक्त तिला सांगितला. एकाचे दोन व्हायला हा जवळजवळ दोन आठवडे घेतो. औषध न घेतलेल्या माणसाच्या फार काळ जवळ राहिलं, तर श्वासातून जातो, आणि तरीही बहुतेकांचं शरीर त्याला वाढू देत नाही. ताटातून, पेल्यातून येत नाही. औषध सुरू झालं की थोड्याच दिवसांत पसरायचा थांबतो.

"दोन आठवडे?" माय म्हणाली होती. "येवढा आळशी जंतू मलेच भेटला? तुह्या बाबाच्या वळणावर गेला दिसते."

हसली, पण ताट गोठ्यातच राहिलं. तिची काळजी वेगळीच होती. कुंकवासकट गेलेल्या बाईला आमच्याकडे पाच सवाष्णी न्हाऊ घालतात, हळद लावतात, ओटी भरतात.

"मले कोण हात लावन, बेबी?"

"मी लावीन."

"तू एकटीच पाच जनी काय?"

रोगाचं नावसुद्धा आमच्या घरात कोणी घेत नसे. बाबा 'कातडीचं दुखणं' म्हणत, मी 'तुझं औषध' म्हणे.

त्या मंडईच्या दुपारी कुंताबाई दारात आली. "उजळली ना गे धुरपता!"

"गोळ्याईचा रंग होता तो. गेला. घे, चाखून पाय."

कुंताबाईनं मायच्या वाकलेल्या करंगळीकडे पाहिलं, मग अनारशाकडे. खाल्ला. "गूळ कमी हाय."

"मंग दुसरा काहून बांधला पदरात?"

दोघी हसल्या. संध्याकाळी मायनं आपलं ताट गोठ्यातून आणलं, घासलं आणि आमच्या ताटांवर ठेवून दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती उठलीच नाही. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं.

मी अंगणात पाणी तापत ठेवलं. कुंपणाबाहेर बाया जमल्या होत्या, पण आत पाऊल कोणी टाकत नव्हतं. मी चुलीतली लाकडं उगाच मागेपुढे करत राहिले. पाच जणींचं काम एकटीनं कसं करायचं, त्याची मनात जुळवाजुळव करत होते.

हळदीची वाटी घेऊन कुंताबाई आत आली.

"कोमट हाय ना पानी? थंड्या पान्याले शिव्या द्याची ते." मग कुंपणाकडे वळून ओरडली, "काल तिच्या हातचा अनारसा खाल्ला मी. जित्ती हावो ना? या आतमंदी!"

एकेक करून आल्या. मोजायची गरज पडली नाही. मी ओसरीच्या कडेला टेकले. कोणी केस सोडवत होती, कोणी पाणी ओतत होती. थंडीपायी ती कशी आंघोळ टाळायची, यावर कोणीतरी रडता रडता हसलीदेखील.

पलीकडच्या घरच्या सुखरामची नवी बायको मायच्या हाताला हळद लावत होती. तिला गावचं काही ठाऊक नव्हतं. "बोट असं काहून वाकलं जी मामीचं?"

एक म्हातारी घाईनं म्हणाली, "कातडीचं दुखनं होतं—"

कुंताबाईनं माझ्याकडे पाहिलं. तिला सगळं माहीत होतं आणि तिचा हात मायच्या पावलावर हळद लावतच होता.

मी उठून मायच्या डोक्याशी गेले.

"कुष्ठरोग होता," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "माह्या मायले कुष्ठरोग होता. पुरा बरा झाला होता."