गव्हाचे दोन वाटे

चाळणीखाली

रविवारी सकाळी भीमराज ओट्यावर जुना पेपर पसरून पीठ चाळायला बसायचा. पन्नाशी ओलांडलेला माणूस, पारनेरच्या टेलिफोन खात्यात लाइनमन. आठवडाभर खांबावर चढायचा आणि सुट्टीच्या दिवशी मांडीत परात घ्यायचा. गिरणीतून दळण आलं की बायकोला हात लावू द्यायचा नाही. चाळण त्याने स्वतः बाजारातून आणलेली, मैद्याची, बारीक जाळीची. शेजारच्या रतनबाई म्हणायच्या, लाइनमन रविवारी लाईन तोडून पिठात बसतात. तो हसायचा आणि चाळत राहायचा. खाली पांढरंशुभ्र पीठ साचायचं.

चाळणीवर

कोंडा.

लहानपणी त्याची आई मळ्यातल्या घरचं खळं झाडायला जायची. दिवसभर झाडलं की घरातली बाई पायरीवरून कोंडा टाकायची. हाताला हात लागू नये म्हणून वरून. आई खाली पदर धरून उभी. शेजारी भीमराज. काही पदरात पडायचा, काही त्याच्या डोक्यावर.

नंतर त्यांच्या वस्तीने धर्म बदलला आणि आई परत त्या खळ्यावर गेली नाही. घरात काही नसलं तरी गेली नाही.

लग्न झालं त्या आठवड्यात त्याने आक्काबाईला सांगून टाकलं: या घरात कोंडा शिजणार नाही. तुझ्या ताटात नाही, पोरांच्याही नाही.

चाळणीखाली

तर पीठ चाळून झालं की आक्काबाई कोंडा पाटीत भरून मागच्या दाराने रतनबाईंच्या म्हशीकडे न्यायची. अशी वर्षं गेली. महेंद्र नोकरीला लागून पुण्यात राहायला गेला. धाकटी शुभांगी नगरला रसायनशास्त्र शिकायला होस्टेलवर राहिली. दोघंही मऊ, पांढऱ्या चपातीवर वाढले. भीमराजला याचा जेवढा अभिमान होता तेवढा कशाचाच नव्हता.

मग त्याच्या बुटात खिळा वर आला. तो तसाच दिवसभर हिंडला, त्याला कळलंच नाही. संध्याकाळी मोजा काढला तर अंगठ्याला भोक. जखम बरी होईना. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं आणि शुगर निघाली, तीही भरपूर. त्यांनी गोळ्या लिहून दिल्या, चहातली साखर बंद केली. पायाकडे बघत म्हणाल्या, हे असंच राहिलं तर अंगठा जाईल, मग खांब विसरा. आणि उठता उठता म्हणाल्या, पीठ चाळू नका, कोंड्यासकट खा.

भीमराजने गोळ्या घेतल्या. साखर सोडली. रविवारी परात मांडीत घेतली.

चाळणीवर

शुभांगी सुट्टीला आली तेव्हा जे बोलणं झालं ते.

तिने वडिलांना समजावलं, दादा, गव्हाची साल म्हणजे नुसता चोथा नसतो. किडीनं, बुरशीनं बी खाऊ नये म्हणून झाड सालीत तुरट द्रव्यं भरून ठेवतं. ती आणि सालीतला चोथा पोटात पिठाला धरून ठेवतात, साखर रक्तात एकदम उतरू देत नाहीत. तुम्ही तेच काढून टाकताय. नुसत्या सालीनं शुगर जाईल असं नाही, पण गोळीला हातभार लागेल.

भीमराजचा हात थांबला नाही.

"झाडानं साल घातली ती त्याच्या पोरांसाठी," तो म्हणाला. "माझ्या पोरांसाठी मी काढली."

आक्काबाई चुलीपुढून उठली, भिंतीला हात धरून जरा वेळ उभी राहिली, मग पाटी उचलून मागच्या दाराने गेली.

चाळणीखाली

पट्टी बदलायला दर खेपेला आक्काबाई सोबत जायची. त्या दिवशी दवाखान्याची पायरी चढताना तिच्या डोळ्यांपुढे अंधार आला आणि ती खाली बसली. भीमराज म्हणाला, ऊन लागलं असेल. डॉक्टरीणबाई बाहेर आल्या, त्यांनी आक्काबाईची पापणी खाली ओढून बघितली. आतला भाग चुन्यासारखा पांढरा. नखंही तशीच.

आत घेऊन त्यांनी विचारपूस केली. धाप लागते का? लागते. कधीपासून? वर्ष झालं असेल, वय झालं म्हणून बोलले न्हाई. आणि जेवता काय?

भीमराजच्या पायाची पट्टी अर्धी सोडलेली, तो बाकड्यावर अडकून बसलेला. तोच म्हणाला, आमच्याकडं सगळ्यांना गव्हाची चपाती असते.

"ह्यांना असती," आक्काबाई म्हणाली. "मला कोंड्याची भाकर. चहात चुरून."

चाळणीवर

दूध नसलेला, काळा चहा. दोन्ही वेळच्या जेवणाला.

बाजरीचं मूठभर पीठ, बाकी कोंडा, तव्यावर खरपूस भाजलेला.

सगळ्यांची जेवणं झाल्यावर, चुलीपाशी, पाठ फिरवून. तिला जेवताना भीमराजने कधी नीट बघितलंच नव्हतं. तो तेव्हा बाहेर रेडिओपाशी असायचा.

चाळणीखाली

डॉक्टरीणबाईंनी आधी आक्काबाईला लोहाच्या गोळ्या दिल्या, मग दोघांनाही समोर बसवलं. कोंडा वाईट नाही, त्या आक्काबाईला म्हणाल्या. पण नुसता कोंडाच खाल्ला, भाजीपाला नाही, वर काळा चहा, तर सालीतली तुरट द्रव्यं अन्नातलं लोह धरून ठेवतात, अंगाला लागू देत नाहीत. चहा त्यात भर घालतो, लिंबू मात्र ती पकड सोडवतं. यांना जे मिळायला हवं होतं ते तुम्हाला जास्त झालं.

भीमराजकडे वळून त्या म्हणाल्या, "एकाच गव्हाचे तुम्ही दोघांनी दोन वाटे केलेत. ते परत एकत्र करा."

घरी चालत निघाले. ती धापेमुळे हळू, तो अंगठ्यामुळे. स्टँडापाशी त्याने विचारलं, कधीपासून.

"लग्न झाल्यापासनं."

तो थांबला. त्याने विचारलं, वाया जातो म्हणून का? मी कमी पडत होतो का कुठं?

"न्हाई ओ," आक्काबाई म्हणाली. "मला आवडतो. भाजला की लई खमंग लागतो. माझ्या आयच्या घरी आम्ही भांडून खायचो."

"मी नको म्हटलं होतं."

"तुमी तुमचं सांगितलं. मला कुठं इचारलं, तुला कसा लागतो ते?"

भीमराजला राग आला होता, पण तो ठेवायला जागा सापडेना. घराच्या कोपऱ्यावर रतनबाई दारात उभ्या होत्या, त्यांनी दोघांचे चेहरे बघितले आणि ओळखलं. म्हणाल्या, "कळलं का लाइनमन? माझ्या म्हशीला दर रविवारी ओंजळभर यायचा. बाकीचा खाणारी म्हैस तुमच्याच घरात हुती."

आक्काबाईला हसू फुटलं आणि हसता हसता धाप लागली. भीमराजने तिचा दंड धरला. तिला धाप लागते हे त्याने वर्षभर बघितलं नव्हतं.

चाळणीवर

आईने पसरलेला पदर. तो अजून तिथेच आहे, जाळीत अडकलेला. डॉक्टरीणबाईंनी, पोरीने, कोणी कितीही हलवलं तरी खाली पडत नाही. पडायला हवा असंही नाही.

पण त्या पदराची आठवण ठेवायची म्हणून घरातली दुसरी बाई पाठ फिरवून जेवली.

न चाळता

रविवार. पीठ गिरणीतून आलं ते गरमच डब्यात गेलं. भीमराज ओट्यावर नुसताच पेपर घेऊन बसला. रतनबाईंनी विचारलं, आज पेपर वाचायलाच आणला व्हय? तो म्हणाला, व्हय, आज वाचणार. पण त्याने काही वाचलं नाही.

दुपारी तो रेडिओपाशी गेला नाही. चुलीपाशीच बसला. आक्काबाई म्हणाली, तुमचं होऊ द्या, मग मी बसते. तो हलला नाही. शेवटी तिने दोन ताटं घेतली. तपकिरी, जाडसर चपात्या, मेथीची भाजी, दोन्ही ताटांत लिंबाची फोड. चहाचं भांडं तिने उचलून फळीवर ठेवलं. आता तो जेवणानंतर बऱ्याच वेळाने.

भीमराजने पहिला घास तोंडात घेतला. त्याचा जबडा मधेच थांबला, डोळे ताटाकडेच. घास गिळायला त्याला पुष्कळ वेळ लागला. तो त्याने गिळला. दुसरा तोडला.

"तू म्हणालीस खमंग लागतो," तो म्हणाला. "हा तर तसा लागत न्हाई."

"एकटा भाजला तर लागतो. पिठात मिसळला की जातं ते." तिने आपल्या चपातीचा तुकडा मोडला आणि क्षणभर हातातच धरला. "तसा भाजून खाणं तुमच्यासाठी सोडलं मी."

तो तिच्या ताटात लिंबू पिळत होता. बी पडली ती त्याने बोटाने बाजूला काढली.