वन्संच्या गादीखालची पेटी

"आधी झोपायच्या जागा ठरव, मग गाडीत बस," असं सासूबाईंनी गेल्या उन्हाळ्यात बजावलं होतं. मी ते हसण्यावारी नेलं. क्रोएशियातल्या क्रेस बेटावर पोचताच, गाडीमागे ओढत नेलेल्या आमच्या चार मीटरच्या कारवानमधला एकुलता एक पलंग माझ्या नणंदेनं, ब्लाझेन्कानं, बळकावला. मी आणि माझी तान्ही लेक लूचा जेवणाच्या टेबलावर फळी टाकून झोपायचो. "वहिनी, ऊठ गं, कॉफीला टेबल हवंय," हे रोज सकाळी सहाला!

यंदा सामानाचा आराखडा मी काढला. लंगोट, दुधाची पावडर, औषधं, सगळं तिच्या पलंगाखालच्या पेटीत ठेवलं. ती पेटी गादी उचलल्याशिवाय उघडत नाही. दुपारी तिचा डोळा लागला रे लागला, की मी हलवायची, "वन्सं, उठा, लंगोट हवाय."

"मुद्दाम करतेस ना?"

"छे हो, दुसरी जागाच कुठेय?"

चौथ्या दिवशी ती चिडून दाराबाहेरच्या तंबूत राहायला गेली. तेवढ्यानं माझं समाधान झालं नाही. काल लूचाला ताप आला, तेव्हा ब्लाझेन्का पोहायला गेलेली बघून मी कारवानला कुलूप घातलं आणि लेकीला नि किल्ली घेऊन घरी झाग्रेबला निघून आले.

आज तिकडे तंबू उपटून नेणारा, 'बुरा' नावाचा बोचरा गार वारा सुटलाय आणि ती फोन उचलत नाही. थोडं गारठू दे तिला, माझी हरकत नाही. पण तुम्ही त्या बेटावर असाल, तर पाइनखालच्या शेवटच्या कारवानला लागून असलेल्या तंबूत जरा डोकावून बघा. गरज पडली तर तिला आत न्यायला कारवानची खिडकी फोडा. फक्त मी पाठवलं म्हणून सांगू नका.