करंगळीचा उजेड

मित्रांनो, मी एक जुना दिवा आहे. पण माझ्या उजेडात कुणी कधी पुस्तक वाचले नाही की कुणी हरवलेली किल्ली शोधली नाही. माझा उजेड निळा. तो खाऱ्या पाण्याच्या एका टाकीवर पडायचा आणि त्या टाकीतल्या दगडांवर प्रवाळ वाढायचे. सध्या मी त्याच टाकीखालच्या लाकडी कपाटात असतो. इथे एका छोट्या डब्यात समुद्री शेवाळ वाढते, त्याच्यापुरता उजेड देण्याचे हलके काम मला दिले आहे. पंप हळू गुणगुणतो, वरचे पाणी नळीतून झुळझुळत खाली येते. अशा जागी कुणाचेही मन मागे जाते, तसे माझेही जाते.

माझा जन्म एका लांबलचक खोलीत झाला. अॅल्युमिनियमच्या पट्टीवर तांदळाच्या दाण्याएवढे दिवे ओळीने बसवले गेले. थोडे पांढरे, बरेचसे निळे, कडेला जांभळे. मी तापू नये म्हणून पाठीवर पंखा लावला. अंगावर उजेड कमीजास्त करायच्या दोन फिरत्या कळा बसवल्या, एक पांढऱ्या उजेडाची आणि एक निळ्या उजेडाची. तपासणाऱ्या बाईने काळा चष्मा लावून मला पेटवले, मान डोलावली आणि खोक्यात घातले. एवढ्याशा कौतुकानेही मी हुरळून गेलो होतो.

नंतर मी माशांच्या दुकानात पोचलो. तिथे एके दिवशी दोघी बहिणी आल्या. थोरली रफूचे काम करायची. फाटलेल्या कापडात धाग्याशी धागा असा मिळवायची की भोक कुठे होते ते खुद्द मालकालाही सापडू नये. धाकटी बस चालवायची. अंगाने ताडमाड, आवाज असा की आख्खी बस गप्प व्हावी, आणि घरातले लाडके नाव मात्र छकुली. थोरलीला छकुली ताई म्हणायची, म्हणून मीही ताईच म्हणतो.

ताईला माझ्या शेजारचा सोनेरी काठाचा दिवा आवडला होता. दुकानदाराने तो उतरवण्याआधी विचारले, "टाकीत ठेवणार काय आहात?"

"मासे," ताई म्हणाली, "आणि ते फुलासारखं डुलतं ना, तेही."

"म्हणजे प्रवाळ. मग हा शोभेचा दिवा कामाचा नाही. माशाला तुम्ही दाणे घालता, तसा प्रवाळाला उजेड घालावा लागतो."

मग त्याने नीट समजावून सांगितले. प्रवाळाच्या अंगात डोळ्यांना न दिसणारी सूक्ष्म शेवाळे राहतात. ती उजेडावर अन्न तयार करतात आणि प्रवाळ त्यावर जगते. त्यांना निळा उजेड मानवतो, कारण समुद्रात खोलवर तोच पोचतो. उजेड कमी पडला तर प्रवाळ उपाशी राहते, जास्त झाला तर भाजते.

"आणि भाजलं तरी ते ओरडत नाही," दुकानदार म्हणाला. "नुसतं पांढरं पडत जातं."

"आमच्या ताईसारखंच की!" छकुली म्हणाली. "दुखलंखुपलं तरी तोंडातून ब्र नाही."

ताईने तिला कोपराने ढोसले आणि मला विकत घेतले. सोबत एक नारिंगी मासा आणि प्रवाळाचा एक तुकडा घेतला. हिरवट, टोकाला जांभळा आणि करंगळीएवढा. ताईने त्याचे नावच करंगळी ठेवले.

छकुलीने स्टुलावर चढून छताला हूक ठोकला आणि मला पाण्यापासून हातभर उंच टांगले. सुरुवातीला मला अगदी मंद ठेवले, मग दर आठवड्याला केसभर वाढवले. दुपारी मी जागा व्हायचो आणि तिन्हीसांजेला मावळायचो. पाण्याचे शिंतोडे उडून माझ्या काचेवर मिठाची पांढरी साय धरायची. ताई ती ओल्या मऊ फडक्याने पुसायची, आणि पुसताना माझ्याशी बोलायचीसुद्धा.

ते दिवस आठवले की मला अजूनही स्वप्नात असल्यासारखे वाटते. पाणी हलले की छतावर उजेडाची जाळी पसरायची, भिंतींवरून सरकायची, ताईच्या कामाच्या टेबलावरून, धाग्यांच्या रिळांवरून, तिच्या पांढऱ्या केसांवरून जायची. नारिंगी मासा त्या जाळीतून संथपणे फिरायचा. संध्याकाळी पांढरा उजेड विझून नुसता निळा उरला की ती खोली खोली वाटायचीच नाही. ताई सुई खाली ठेवून बघत बसायची. बाहेर रस्त्यावर गाड्या जायच्या, कुणी दार आपटायचे, पण ते सगळे पाण्याच्या वर कुठेतरी चालले आहे असे वाटायचे.

करंगळी वाढत गेली. तिला फाटे फुटले. ती चांगली पंजाएवढी झाली तरी नाव करंगळीच राहिले, छकुलीचे राहिले तसे. कापडे घेऊन येणारी गिऱ्हाइके टाकीपाशी घुटमळायची. "दिवा झकास आहे हो," असे कुणी म्हटले की ताई अशी खूश व्हायची जणू तिच्या मुलाचा नंबर आला आहे. मित्रांनो, कामाचा मान मिळणे यासारखे सुख नाही, आणि ते मला पोटभर मिळाले.

पुढे छकुलीची बदली दुसऱ्या गावच्या आगारात झाली. "काही महिन्यांचा तर प्रश्न आहे," असे म्हणत ती बॅग घेऊन गेली. घर गप्प झाले. ताई आणि मी, करंगळी आणि मासा, एवढेच उरलो.

त्या काळात ताई माझ्याकडे डोळे बारीक करून बघू लागली. पुसून झाल्यावर पुन्हा पुसायची. एके दिवशी तिने निळ्या उजेडाची कळ थोडी पुढे फिरवली. काही दिवसांनी आणखी थोडी. "म्हातारा व्हायला लागलास का रे?" ती मला म्हणाली. मला काही उमजेना. मी तर होतो तेवढाच होतो. कळ फिरली की मी जास्त पेटायचो, कारण मला तेवढेच येते.

रोज फोनवर छकुलीचा आवाज घुमायचा. "करंगळी कशी आहे?"

"मजेत. दिवा तेवढा मंदावलाय. तू आलीस की नवा आणू."

नवा आणू! ते ऐकून माझा जीव खालीवर झाला. एका गिऱ्हाइकाने तर डोळ्यांवर हात धरून म्हटले, "बाई, दिपतंय हो इथे!" ताईला वाटले, माणूस भला आहे, मन राखायला बोलतो आहे. तेच गिऱ्हाईक पुढच्या आठवड्यात परत आले. त्याच्या गडद निळ्या कोटाला ताईने काळ्या धाग्याने रफू केले होते. ताईने रिळे विकणाऱ्याला बोल लावला, पण ते गिऱ्हाईक गेल्यावर कितीतरी वेळ ती हात मांडीवर ठेवून बसून राहिली. मला वाटते, तिच्या मनात तेव्हाच पाल चुकचुकली असावी. पण भीती वाटली की माणसे त्या गोष्टीकडे पाठ फिरवतात.

आणि माझ्याखाली करंगळी फिकी पडत होती. आधी जांभळी टोके गेली, मग हिरवा रंग गेला. मी वरून सगळे बघत होतो. जो उजेड तिला भरवायचा, तोच आता तिला भाजत होता, आणि तो माझा होता. मला हात नाहीत, तोंड नाही. मला स्वतःला विझवताही येत नाही. त्या दिवसांइतके वाईट मला कधीच वाटले नाही.

अखेर बदलीचे महिने संपले. एका दुपारी कुलूप उघडले आणि छकुली आत आली. दारातच तिने बॅग टाकून डोळ्यांवर दोन्ही हात घेतले.

"अगं बाई! घरात वेल्डिंग चाललंय का?"

"चेष्टा पुरे. आल्या आल्या सुरू झालीस," ताई म्हणाली. "मला तर धड मासासुद्धा दिसत नाही."

छकुली बोटांच्या फटीतून बघत टाकीजवळ आली आणि एकदम थांबली. "ताई, करंगळीचा रंग कुठे गेला?"

"आहे की. जराशी बदामी झालीय."

"बदामी? पांढरीफटक पडलीय ती."

छकुलीने टेबलावरची दोन रिळे उचलून तिच्यासमोर धरली. "हा धागा कुठला?"

"काळा."

"आणि हा?"

"तोही काळाच की."

"ताई, हा निळा आहे." छकुलीचा तो दांडगा आवाज इतका लहान झालेला मी प्रथमच ऐकला. "दिवा नाही गं मंदावला. तुझ्या डोळ्यांत मोतीबिंदू झालाय."

ताई खुर्चीत बसली. "मग मी करू काय? रंग कळला नाही तर रफू कसलं करणार? आयुष्यभर दुसरं काही आलंच नाही मला."

"आम्हा ड्रायव्हरांचे डोळे तपासणारा डॉक्टर ऑपरेशन करतो. आतलं भिंग पिवळं पडून निळा उजेड अडवतं, ते बदलतो."

"डोळ्यात सुरी घालू देणार नाही मी. विषय संपला."

छकुलीने वाद घातला नाही. ती माझ्यापाशी आली आणि तिने निळी कळ बरीच मागे फिरवली. करंगळीवरचा जाळ उतरला. मला तर कुणी कपाळावर गार हात ठेवल्यासारखे वाटले. पण मागून ताई ओरडली, "अगं, अंधार केलास! मला काहीच दिसत नाहीय!"

"तिला एवढाच सोसतो, ताई."

मित्रांनो, असा पेच होता. ताईला दिसेल एवढा उजेड ठेवला तर करंगळी मरणार होती. करंगळीला सोसेल एवढा ठेवला तर ताईला टाकीच्या जागी नुसते काळे पाणी दिसणार होते. कळ हाताशी होती. कुणी अडवणार नव्हते, छकुली परत कामावर जाऊ लागली होती.

ताई रोज दुपारी टाकीसमोर येऊन बसायची. तिचा हात कळेपर्यंत यायचा. मी श्वास रोखून बघायचो, दिव्याला श्वास असतो असे धरून चाला. हात तिथे थबकायचा, आणि मग ती तो पदरात गुंडाळून घ्यायची. तिला काही दिसत नव्हते, तरी ती बसून राहायची. तळाशी तिची करंगळी जगते आहे की मरते आहे, एवढेही तिला कळत नव्हते. त्या दिवसांत मी ताईवर जेवढी माया केली तेवढी कधी केली नसेल.

एका संध्याकाळी छकुली बूट काढत असताना ताई टाकीकडे तोंड करूनच म्हणाली, "तुझा तो डॉक्टर कधी भेटतो?"

ऑपरेशन झाले. काळा चष्मा लावून ताई घरी आली, आणि बरे होण्याचे दिवस संपल्यावर तिने तो माझ्यासमोर उतरवला. खोलीत फक्त माझा निळा उजेड होता. तिने आधी छताकडे पाहिले, मग भिंतीवरून सरकणाऱ्या जाळीकडे. "एवढा निळा होतास तू?" ती हलकेच म्हणाली. नंतर तिची नजर खाली गेली. करंगळीच्या फांद्या हाडासारख्या पांढऱ्या होत्या. ताई काचेला कपाळ टेकून रडली, अगदी मोकळेपणी रडली. छकुली तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

"सगळी गेली का गं?"

"बुडाशी बघ. दगडाला चिकटलीय तिथे."

तिथे हिरव्या रंगाची एक बारीक कड होती. ती नव्या डोळ्यानेच दिसण्यासारखी होती, आणि ताईला ती दिसली.

पुढे महिनोन्महिने ती कड इंचाइंचाने वर चढली. दोन फांद्या कायमच्या गेल्या, बाकीच्या परतल्या. ताईने दुसराही डोळा करून घेतला आणि रफूला बसली. मी पुढे बरीच वर्षे त्या टाकीवर टांगलेला होतो, आणि मग खरोखरच म्हातारा झालो. माझे निळे दाणे आतून थकले. बाहेरून हे सहज कळत नाही, पण मला कळत होते.

एका दुपारी ताई माझ्याकडे बराच वेळ बघत राहिली. तिने कळेला हात लावला नाही. आतल्या खोलीकडे वळून तिने हाक मारली, "छकुले, जरा इकडे ये गं. मला दिवा मंद वाटतोय. मलाच वाटतोय का?"

छकुली आली. तिचेही केस आता पिकले होते. दोघी शेजारी शेजारी उभ्या राहून मला निरखत राहिल्या.

"नाही ताई," ती म्हणाली. "या वेळी दिवाच थकलाय."

मित्रांनो, निवृत्त व्हायचे म्हटले की कुणालाही वाईट वाटते. मला मात्र त्या क्षणी फार हलके वाटले. माझ्याबद्दल खरे तेच बोलले गेले होते, आणि ते दोघींनी मिळून ठरवले होते. दिव्यांची काच पुसा, ते वेळेवर लावा आणि वेळेवर विझवा, हे तर मी सांगेनच. पण कधी जग अंधारल्यासारखे वाटू लागले, तर कळ फिरवण्याआधी घरातल्या कुणाला तरी हाक मारा आणि विचारा, "मलाच वाटतंय का?"