नवास एक

सेंदाईच्या विद्यापीठात ओकाबे सरांच्या हाताखाली कुवाबारा सहाय्यक होता, तेव्हाची गोष्ट. प्रयोगशाळेत तेव्हा एकच ध्यास होता. तीन कार्बनांचा एक छोटा तुकडा, ॲलिल म्हणतात तो, एका मोठ्या रेणूला जोडायचा, आणि तोही हव्या त्याच बाजूने. रेणूला बाजू दोन. तुकडा एकीकडून जोडला गेला तर औषधाच्या कामाचा, दुसरीकडून गेला तर फेकून द्यायचा. सरांचा उत्प्रेरक वापरूनही दोन्ही जिन्नस निम्मेनिम्मे निघत.

एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला असलेली हातानाका शिझुए फेब्रुवारीतल्या एका दुपारी नोंदवही घेऊन त्याच्या टेबलापाशी आली.

"कुवाबारा-सान, नवास एक आलंय."

"काय?"

"हवा तो नऊ भाग, नको तो एक. तीनदा केलं. कोरड्या द्रावकात निम्मेनिम्मे येतं, खिडकीतल्या जुन्या बाटलीतलं घेतलं की नवास एक. त्या बाटलीचं बूच सैल आहे. मला वाटतं, आत गेलेल्या पाण्यानं होतंय."

पलीकडच्या टेबलावरची पोरं हसली. "सरांच्या उत्प्रेरकाला आता पोहायला शिकव," एक जण म्हणाला.

कुवाबाराही हसला. पाणी लागलं की तो उत्प्रेरक मरतो, असं सरांनीच छापून आणलं होतं, आणि मार्चमधल्या परिषदेत ते तेच सांगणार होते. पण मग त्यानं नोंदवहीतले आकडे नीट पाहिले. तीन वेळा, तीन वेगळ्या दिवशी. ही मुलगी हलगर्जी नव्हती. तिचं खरं असावं, हे त्याला त्या क्षणीच कळलं.

"बाटली घाण असेल," तो म्हणाला. "द्रावक नीट कोरडं करून घे."

"मला दोन आठवडे द्या. मोजून पाणी घालून बघते. सरांना तुम्ही सांगाल का?"

"प्रबंध द्यायला किती दिवस उरलेत, माहीत आहे ना? भलत्या नादाला लागू नकोस."

त्यानं लाल पेन्सिलीनं त्या तीन नोंदींवर रेघ मारली आणि वही परत दिली. सरांना काही सांगितलं नाही. सर चिडले असते, आणि पुढच्या वर्षी त्याची बढती सरांच्याच हातात होती. हातानाकानं प्रबंधात निम्मेनिम्मे लिहिलं. डॉक्टरेटसाठी ती थांबणार असं सगळे धरून चालले होते. पण एप्रिलमध्ये ती डोंगरापलीकडे यामागाताला, आपल्या गावी गेली आणि शाळेत शिकवू लागली.

अकरा वर्षांनी कानाझावाच्या परिषदेत दुसऱ्या विद्यापीठातल्या एका तरुणानं पडद्यावर आकडे दाखवले. त्याच जातीची जोडणी, आणि द्रावकात मोजून घातलेलं थोडंसं पाणी. नवास एक. सभागृह टाळ्या वाजवत होतं. आता स्वतः प्राध्यापक झालेल्या कुवाबाराचे हात मांडीवरच राहिले.

पुढच्या शनिवारी तो यामागाताला गेला. हातानाका शाळेच्या रसायनाच्या खोलीत परीक्षानळ्या धूत होती. केस आखूड कापलेले, अंगात पांढरा कोट. तिनं त्याला स्टुलावर बसवलं, चहा दिला.

"मासिकात वाचलं मी ते, पाण्याचं," त्यानं तोंड उघडण्याआधीच ती म्हणाली. "छान काम केलंय पोरानं."

"मी मासिकाला पत्र लिहितो. तुम्ही आधी पाहिलं होतं, असं. तुमची जुनी वही प्रयोगशाळेतच राहिली होती, ती आहे अजून माझ्याकडे."

"नको. त्यानं मेहनत केलीय. मी तीनदा पाहिलं आणि सोडून दिलं."

"तुम्ही सोडलं नाहीत," कुवाबारा म्हणाला. ती आता तिशी ओलांडलेली शिक्षिका होती. त्याच्या तोंडून आपोआप 'तुम्ही' येत होतं. "मी सोडायला लावलं. आणि खरं सांगायचं तर, तुमचं बरोबर आहे हे मला तेव्हाच कळलं होतं."

ती नळी धुता धुता थांबली. नळ तसाच वाहत होता. मग तिनं तो बंद केला.

"तुम्हाला कळलंच नाही, असं मी धरून चालले होते," ती म्हणाली. "माणूस चुकतो, म्हटलं. त्यावर मी इतकी वर्षं काढली."

"मला माफ करा."

"हे सांगून तुम्हाला बरं वाटलं असेल. मला आता नव्यानं सुरुवात करावी लागेल."

तिच्या आवाजात राग नव्हता. त्यानं उठून कमरेत खोल वाकून नमस्कार केला. तिनंही रिवाजाप्रमाणे वाकून उत्तर दिलं आणि दारापर्यंत सोडायला आली. बर्फ वितळून वाट निसरडी झालीय, जपून जा, एवढंच म्हणाली.

गाडी डोंगरातून परत निघाली तेव्हा 'हे मनात ठेवलं असतं तर' हा एकच विचार त्याच्या डोक्यात होता. गप्प बसायला नको होतं तेव्हा तो गप्प बसला होता, आणि आज बोलून आला होता.

त्यानं मासिकाला पत्र लिहिलं नाही. नव्या वर्षाला मात्र तिला शुभेच्छापत्र पाठवलं. तिचंही आलं, छापील, खाली फक्त सही. पुढेही दरवर्षी येत राहिलं. सहीखेरीज हातानं लिहिलेला एक शब्दही त्यात कधी नसे.